बोर्दोची कोवळी लाल वाइन : पारख नाकाची आणि जिभेची

गेल्या दिवाळीपासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हापुन्हा डोकावतो आहे. मुलगा, लेक किंवा जावई युरोपातून येताना लाल वाइनची बाटली घेऊन येतो. ‘बाबा, रोज रात्री थोडी घेत जा, हृदयाला चांगली असते’, असे प्रेमाने सांगून परत जातो. आणि मागे राहिलेले सत्तरीचे आईवडील ती बाटली देवघरापासून शक्य तितक्या लांबच्या कपाटात ठेवून डॉक्टरांना विचारतात की, हिचे करायचे काय? कोणी विचारतो, रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का? एका वाचकाने मात्र अगदी वेगळे विचारले : “बाटली बोर्दोची आहे, दोनच वर्षांपूर्वीची. उघडली तर तोंड वाळवून टाकणारी निघाली. ही खराब आहे की अशीच असते, हे कसे ओळखावे?”

हा शेवटचा प्रश्न मला विशेष आवडला. पहिल्या प्रश्नांची उत्तरे पुढे देणारच आहे, आणि ती बहुतेकांना फारशी रुचणार नाहीत. ज्यांनी आजवर मद्य घेतले नाही त्यांनी उतारवयात औषध म्हणून ते सुरू करावे, असे मी कोणत्याही रुग्णाला सांगत नाही. परंतु वाइन पिणे आणि वाइन चाखणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. धंद्याने पारख करणारी माणसे दिवसाला कित्येक वाइन तोंडात घेतात आणि जवळजवळ प्रत्येक घोट शेजारच्या तस्तात थुंकून टाकतात. त्यांचे काम घशाच्या अलीकडेच संपते. डोळे, नाक, जीभ आणि हिरड्या यांची ती एक शिस्तबद्ध तपासणी असते. आणि तपासणी हा तर आमचा पेशाच आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. बोर्दो हे फ्रान्सच्या नैऋत्येस गारोन नदीच्या काठी वसलेले बंदर. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या शहराच्या उत्तरेस एकत्र येतात आणि जिरोंद नावाची विशाल खाडी होऊन अटलांटिकला मिळतात. या पाण्याच्या दोन अंगांना दोन स्वभावांची जमीन आहे. डाव्या तीरावर, मेदोक भागात, नद्यांनी आणून टाकलेली गोट्यांची रेताड भूमी. पाणी चटकन निचरून जाते आणि दिवसभर तापलेले गोटे उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यो या द्राक्षाला ऊब देतात. उजव्या तीरावर, पोमरोल आणि सँतेमिलियाँकडे, चिकणमाती आणि चुनखडी. तिथे लवकर पिकणारे, मऊ स्वभावाचे मर्लो राज्य करते. त्यांच्या जोडीला कॅबर्ने फ्रां, चिमूटभर पती व्हर्दो आणि क्वचित माल्बेक. जनुकीय तपासणीने असे दाखवले आहे की, कॅबर्ने फ्रां हे कॅबर्ने सोव्हिन्योचेही जनक आहे आणि मर्लोचेही. म्हणजे बोर्दोच्या पेल्यात जी दोन मुख्य द्राक्षे नांदतात ती नात्याने सावत्र भावंडे आहेत, आणि एकत्र राहताना एकमेकांचे उणे भरून काढतात. सावत्र भावंडांत हे नेहमी घडतेच असे नाही.

मिश्रण करण्यामागे मूळ कारण हवामानाचे. समुद्राजवळचा हा प्रदेश. ऐन वसंतात दव गोठते, ऐन तोडणीच्या वेळी पाऊस येतो. १९५६ च्या फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीने तिथले मळेच्या मळे मारले. २०१७ च्या एप्रिलमधील गारठ्याने कोवळे कोंब जाळले. दोन द्राक्षे वेगवेगळ्या वेळी फुलत आणि पिकत असतील, तर एकाचे नुकसान झाले तरी दुसरे हाती लागते. आपल्याकडचा शेतकरी ज्वारीत तूर पेरतो, त्यामागील शहाणपण हेच. नाशिककडील वाचकांना आणखी एक फरक सांगतो : आपली द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, बोर्दोची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

आता ‘कोवळी’ म्हणजे काय? सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन पुढच्या एप्रिलच्या सुमारास, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची असताना, बोर्दोत जगभरच्या व्यापाऱ्यांना आणि समीक्षकांना चाखायला दिली जाते. ती तेव्हा २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरत असते, बाटलीत भरायला अजून वर्ष-दीड वर्षाचा अवकाश असतो. तरीही तिच्यावर अभिप्राय लिहिले जातात आणि आगाऊ भाव ठरतात. सहा महिन्यांच्या बाळाकडे पाहून ते पुढे कसे निघेल, हे सांगण्यासारखाच हा प्रकार! पण बालरोगतज्ज्ञही बाळाची मान, नजर आणि पकड पाहून काही गोष्टी खात्रीने सांगतोच. तसेच येथेही आहे. आपल्या कपाटातील दोन-चार वर्षांची बाटली त्याच कोवळ्या वयाची समजावी. साधी बोर्दो तीन ते पाच वर्षांत पिण्याजोगी होते. नामांकित घराण्यांची दशकानुदशके टिकते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या घराण्यांच्या पाच श्रेणी लावल्या गेल्या, त्याही त्या वेळच्या बाजारभावावरून. ती यादी आजही जवळपास तशीच आहे. १९७३ मध्ये एका घराण्याला बढती मिळाली, एवढाच मोठा बदल. तेव्हा बाटलीवरील किल्ल्याच्या चित्राने दबून जाऊ नये. किल्ल्याचे चित्र अगदी साध्या वाइनवरही असते.

तपासणीची तयारी मात्र नेटकी हवी. वेळ सकाळी अकराची उत्तम, जेवणापूर्वीची. नाक तेव्हा ताजे असते. खोलीत उदबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको, अंगाला अत्तर किंवा वेदनाशामक बाम नको. पान, सुपारी, तंबाखू, कडक चहा आणि दात घासण्याची पेस्ट यांच्यानंतर तासभर थांबावे. पेला पातळ काचेचा, पोटाशी रुंद व तोंडाशी निमुळता, ट्युलिपच्या कळीसारखा. त्यात वाइन पाव भागाहून अधिक घालू नये, म्हणजे वरच्या पोकळीत गंध कोंडून राहतो. ‘लाल वाइन खोलीच्या तपमानाला चाखावी’ हे वाक्य जुन्या युरोपातील गारठलेल्या खोल्यांसाठी होते. तिला १६ ते १८ अंश सेल्सिअस हवेत. पुण्याच्या मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असते. अशा उष्ण वाइनमधून मद्यार्क तेवढा नाकात झोंबतो आणि बाकी सारे हरवते. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. कोवळी असल्यामुळे ती तासभर आधी उघडून रुंद भांड्यात ओतून ठेवली, तर हवेच्या संगतीने किंचित मोकळी होते. आणि शेजारी एक तस्त किंवा साधे पातेले ठेवावे. थुंकण्यात कसलाही अशिष्टपणा नाही; या व्यवहारात तोच शिष्टाचार आहे.

आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात, आधी पाहा, मग हात लावा. छातीवर बोटांनी टिचक्या मारून आतील पाणी ओळखण्याची रीत ज्या लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये जगापुढे मांडली, ते ऑस्ट्रियातील एका खानावळवाल्याचे चिरंजीव होते. तळघरातील वाइनची पिंपे कितपत भरली आहेत हे वडील ठोकून पाहत, त्यावरून त्यांना ती सुचली, अशी कथा सांगतात. वैद्यकाने वाइनचे ऋण असे फार पूर्वीच घेतलेले आहे.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरावा आणि कडेचा रंग पाहावा. कोवळ्या बोर्दोची कडा जांभळी असते, पिकलेल्या जांभळाने जिभेवर जो रंग चढतो तसा. वयाबरोबर ही जांभळी छटा जाते, माणकासारखा लाल रंग येतो आणि पुढे विटकरी झाक. दोन वर्षांची म्हणून विकलेली वाइन कडेला तपकिरी दिसली तर ती उष्णतेत किंवा हवेत बिघडली असावी, असा संशय घ्यावा. पेल्याच्या काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांचे मात्र फार कौतुक करू नये. ते मुख्यतः मद्यार्काचे प्रमाण सांगतात, गुण सांगत नाहीत.

आणि डोळ्यांवर भिस्त तर मुळीच ठेवू नये. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला बोर्दोतीलच एक प्रयोग मोठा मनोरंजक आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांपुढे एक पांढरी वाइन ठेवण्यात आली आणि शेजारी तीच वाइन, गंधहीन लाल रंग मिसळून. त्यांनी पांढरीचे वर्णन पांढऱ्या वाइनच्या शब्दांत केले आणि रंगवलेलीचे लाल वाइनच्या शब्दांत. नाकाने जे नोंदवायचे, ते डोळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. औषधाच्या गोळीचा रंग बदलला की गुण येत नाही म्हणून परत येणारे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

आता नाक. पेला न हलवता एकदा हलकेच हुंगावे, मग गोल फिरवून पुन्हा. सुरुवातीचे दोन-तीन श्वासच खरे. त्यानंतर नाक सरावते. परदेशी पुस्तकांत कॅबर्नेला ‘ब्लॅककरंट’चा वास येतो असे लिहिलेले असते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते फळ कधी पाहिलेलेही नसते, मग त्याचा वास कसा आठवणार? आपण आपले शब्द वापरावेत. करवंद, जांभूळ, काळी मनुका, मर्लोचा भाग अधिक असेल तर पिकलेले आलुबुखार. त्याच्या मागून नवी टोक काढलेल्या पेन्सिलीचा भुसा, कोरड्या तंबाखूचे पान. ओकच्या पिंपातून व्हॅनिला आणि लवंग येते. आणि लवंगेचा भास नव्हे, तर दातांच्या डॉक्टरांकडील लवंगतेलात जे द्रव्य असते तेच भाजलेल्या ओकमधून अल्प प्रमाणात वाइनमध्ये उतरते. ढोबळी मिरची नुकती चिरल्यासारखा हिरवा वास आला, तर कॅबर्ने पुरेसे पिकण्याआधीच तोडले गेले असे समजावे. हे द्रव्य इतके तीव्र की, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला कळते. किंचित असेल तर ताजेपणा वाटतो. सगळे तेच असेल तर ती वाइन पुढेही पिकणार नाही.

दोषांची ओळख याहून सोपी आहे. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास आला, तर बूच दूषित होते. ती बाटली फेकून द्यावी. शिरक्याचा वास म्हणजे जिवाणूंनी मद्यार्काचे आम्ल केले. तबेल्याचा किंवा जखमेवरील चिकटपट्टीचा वास एका विशिष्ट यीस्टमुळे येतो; काही जुने रसिक त्याला ‘स्वभाव’ म्हणून खपवून घेतात, मला तो दोषच वाटतो.

येथे थोडे थांबतो, कारण माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयात महत्त्वाची गोष्ट ही आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या घरी जावयाने अशीच बाटली उघडली. कॉलेजात जाणारी नात म्हणाली, जांभळाचा वास येतोय. जावई म्हणाला, लवंग. सरांना फक्त एक झोंबरेपणा जाणवला, वास म्हणून काहीच नाही. मद्यार्काची झोंबणी वेगळ्या मज्जातंतूने कळते, त्यासाठी घ्राणशक्ती लागत नाही. ते थट्टेवारी न नेता माझ्याकडे आले हे चांगले झाले. विचारता विचारता कळले की, वर्षभर त्यांना करपलेली भाजी, उतू गेलेले दूध, फुलपुडी, कशाचाच वास आला नव्हता. पत्नी गेल्यापासून एकटे राहत असल्याने ‘अहो, करपतंय!’ असे सांगणारे कोणी नव्हते. भूक मेली आहे, एवढीच त्यांची तक्रार होती आणि आम्ही सगळे तिचे कारण दुःखात शोधत होतो. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना नाकात दोन्ही बाजूंनी मऊ गाठी आढळल्या. उपचारांनी वास पुष्कळसा परतला. तोवर त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घेतले.

वाचकहो, दृष्टी आणि श्रवण तपासायला आपण जातो. नाक कोणी तपासत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६५ ते ८० वयोगटातील निम्म्याहून अधिक आणि ऐंशीच्या पुढील तीनचतुर्थांशांहून अधिक व्यक्तींची घ्राणशक्ती लक्षणीय घटलेली आढळली होती. त्यातील बहुतेकांना याची जाणीवही नसते, कारण ही शक्ती हळूहळू जाते आणि माणूस ‘हल्ली भाज्यांना चवच राहिली नाही’ असे म्हणून भाजीला दोष देतो. नासलेले अन्न, गळणारा गॅस, धूर यांची पहिली वर्दी नाकच देते. स्वयंपाकाच्या गॅसला तो घाण वास मुद्दाम त्यासाठीच लावलेला असतो. काही व्यक्तींत वास जाणे हे कंपवाताचे किंवा स्मृतिभ्रंशाचे लवकर दिसणारे लक्षण असते. याचा अर्थ वास कमी झाला की तो आजार झालाच, असा मुळीच नव्हे. सर्दी, सायनस, कोविडनंतरचे परिणाम, काही औषधे आणि निव्वळ वय ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पण डॉक्टरांच्या कानावर घालावे, एवढे नक्की. घरातील वडीलधाऱ्यांची तपासणी करायला बाटली लागत नाही. डोळे मिटवून कॉफी, लवंग, संत्र्याची साल आणि हिंग एकेक करून नाकाशी धरावे आणि ओळखायला सांगावे. गुण देऊ नयेत, हसू नये.

अशा हुंगण्याने नाकाला व्यायामही होतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगले तर वास गमावलेल्या काही रुग्णांत सुधारणा होते. कोविडनंतर जगभर ही पद्धत वापरली गेली. वाइनचे पारखी आयुष्यभर हेच करतात. फरक इतकाच की त्यांचा सराव महाग असतो.

आता तोंड. पंधरा-वीस मि.ली.चा घोट घ्यावा, तो सगळ्या हिरड्यांवरून फिरवावा, ओठांतून थोडी हवा आत ओढावी. घशाच्या मागून गंध पुन्हा नाकात चढतो आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग हाच असतो. ठसका लागण्याची सवय असलेल्यांनी, अर्धांगवायूनंतर गिळण्यास त्रास असलेल्यांनी हवा ओढण्याचा खेळ करू नये.

पत्रलेखक वाचकांना जे जाणवले ते येथे जाणवते : जीभ आणि गाल वाळल्यासारखे होतात, दातांवर खरखर येते. कच्चे केळे किंवा अर्धवट पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर तोठरा बसतो, तसेच. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून येणारी टॅनिन ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचे वंगण नाहीसे होते आणि घर्षण जाणवते. आपल्या आयुर्वेदाने सहा रसांत कषाय म्हणजे तुरट याला मानाचे स्थान दिले. आधुनिक शरीरविज्ञान त्याला चव न मानता बहुतांशी स्पर्श मानते. कोवळ्या बोर्दोत हा तुरटपणा असायलाच हवा. पुढची वर्षे तिला तारून नेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तेव्हा तोंड वाळले म्हणून ती बाटली खराब ठरत नाही. पाहायचे ते त्याचे पोत. चांगला तुरटपणा दळदार, मलमली, सगळ्या तोंडाला सारखा जाणवतो आणि अर्ध्या मिनिटात ओसरू लागतो. वाईट तुरटपणा बी चावल्यासारखा कडवट, कोरडा, हिरड्यांच्या एका कोपऱ्यात अडून बसणारा. पहिला मुरतो. दुसरा बहुधा तसाच राहतो, आणि फळाचा गोडवा वयाने उतरला की अधिकच उघडा पडतो.

पण निकाल देण्यापूर्वी स्वतःच्या तोंडाचीही चौकशी करावी. वयानुसार आणि विशेषतः औषधांमुळे लाळ कमी होते. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी गोळी, अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, लघवीची घाई थांबवणारी औषधे तोंड कोरडे करतात. लाळच कमी, तर तुरटपणा दुप्पट खुपतो. दोष वाइनचा नसतो. वरच्या जबड्याची पूर्ण कवळी टाळू झाकते, त्यामुळेही पोत नीट कळत नाही. आपल्यासमोर तिशीतला मुलगा ‘मऊ आहे’ म्हणतो आणि आपल्याला ती ‘राठ’ लागते, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात.

तुरटाच्या जोडीला आम्लता पाहावी. घोट थुंकल्यावर जिभेच्या कडांतून पाणी सुटले तर वाइन जिवंत आहे. दात आंबले तर अति झाले. मद्यार्क घशाशी गरम चटका देत असेल तर तोल गेला. आणि शेवटी घड्याळ पाहावे : थुंकून टाकल्यावरही करवंद-लवंगेची आठवण दहा-बारा सेकंद रेंगाळली, तर वाइन चांगली, चटकन सगळे विझले आणि कोरडेपणा तेवढा उरला, तर साधी. फळ, आम्ल, तुरट आणि मद्यार्क या चौघांत कोणी एकटा आरडाओरडा करत नसेल, तर ‘आज राठ आहे, चार वर्षांनी छान होईल’, असे म्हणायला हरकत नाही. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी रूढ केली आणि बोर्दोचे भाव त्या आकड्यांवर हलू लागले. मला ती पटत नाही. ९१ आणि ९२ यांतील फरक सांगू शकणारे नाक मी अद्याप पाहिलेले नाही. दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत टिपण लिहावे. ते अधिक उपयोगी. आंबटपणामुळे दातांचे आवरण काही काळ मऊ होते, म्हणून लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरावी.

राहिला तो पहिला प्रश्न. हृदयाला चांगली हे मत आले कुठून? फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, याचे श्रेय सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकांनी लाल वाइनला दिले; १९९१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर ते गाजले आणि वाइनची विक्री वाढली. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतील मोठी उणीव लक्षात आली : न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही मोजली गेली होती, त्यामुळे थोडे पिणारे अधिक निरोगी भासत होते. ज्या रेस्व्हेराट्रॉलचा उदोउदो होतो, ते लाल वाइनच्या एका लिटरमध्ये जेमतेम काही मि.ग्रॅ. असते. मद्यार्क मात्र भरपूर असतो. १३.५ टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मि.ली.चा एक पेला म्हणजे सुमारे १६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने आरोग्यासाठी सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्ट म्हटले. खुद्द फ्रान्सचे आरोग्य खाते नागरिकांना आठवड्यात दहापेक्षा अधिक पेले नको, दिवसात दोनपेक्षा अधिक नको आणि काही दिवस अजिबात नको, असे सांगते. त्यांचा पेला १० ग्रॅमचा, आपल्या घरच्या ओतण्याहून बराच लहान.

शिवाय हे आकडे धडधाकट प्रौढांसाठी आहेत. सत्तरीत शरीरातील पाण्याचे प्रमाण घटलेले असते, म्हणून तेवढ्याच पेल्याने रक्तातील मद्यार्क अधिक चढतो. रक्तदाबाच्या गोळीबरोबर, किंवा छातीदुखीच्या नायट्रेट गोळीबरोबर, उठताना चक्कर येते. रात्री न्हाणीघराकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडणे ही किती मोठी आपत्ती, हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रात्री उतरू शकते, आणि बडबड, घाम, तोल जाणे हे सारे ‘चढली असेल’ म्हणून दुर्लक्षिले जाते. झोपेच्या गोळीबरोबर वाइन नकोच. वॉर्फरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध, मेट्रोनिडाझोल, यकृताचा आजार, अनियमित ठोके, इथेही नको. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनी आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी चाखून थुंकण्याचाही प्रयोग करू नये. झोप लागावी म्हणून पेला घेणाऱ्यांना पहाटे तीनला जाग का येते, तेही यातच आहे : मद्य झोप लवकर आणते आणि उत्तररात्री मोडते. आणि जाता जाता, द्राक्षासव किंवा अन्य आसव-अरिष्टे रोज घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांतही स्वयंजनित मद्यार्क असतो, बाटलीवर तसे छापलेले असते. पण ‘मद्य घेता का?’ या प्रश्नाला ते घेणारे निःशंकपणे ‘छे!’ म्हणतात.

काही घरांत वडील चाळीस वर्षे सायंकाळी एक पेला घेत आले आहेत. शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांच्याशी चोरपोलिसाचा खेळ करू नये, बाटली लपवू नये, पाणी मिसळू नये. रोजच्या गोळ्यांची यादी आणि तो पेला, दोन्ही एकदा डॉक्टरांसमोर मांडावेत. रोज बरेच घेणाऱ्याने एकदम बंद केल्यास कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. तिथे कमी करण्याचे वेळापत्रक डॉक्टरांनीच आखावे. ज्यांना चालण्याजोगे असेल त्यांनी जेवणाबरोबर, लहान पेल्याने, कधीतरी. पनीर किंवा मटणासारख्या प्रथिनयुक्त, स्निग्ध पदार्थांबरोबर तुरटपणा बोथट होतो. झणझणीत रश्श्याबरोबर तिखट आणि मद्यार्क एकमेकांची आग वाढवतात.

पत्रलेखक वाचकांनी उघडलेल्या बाटलीबद्दल : वर्णनावरून ती खराब नाही, कोवळी आहे. उरलेली वाइन बूच घट्ट बसवून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर मटण शिजवताना वापरता येईल, पण शिजवूनही सगळा मद्यार्क उडत नाही, हे पाहुण्यांना सांगून. न उघडलेली दुसरी बाटली फ्रीजच्या माथ्यावर ठेवली असेल, तर तिथून आजच हलवा. ती घरातील उष्ण जागांपैकी एक असते. अंधाऱ्या, गार कपाटात आडवी ठेवा, आणि जावई पुन्हा येतील तेव्हा चौघे मिळून वीस-वीस मि.ली. घ्या, डोळे मिटून हुंगा, आपापले शब्द कागदावर लिहा. कोणाच्या कागदावर काहीच उमटले नाही, तर मला कळवा.